वरच्या मजल्यावरच्या काकूंना

काकू, सप्रेम नमस्कार.

समोर येऊन आभार मानले तर "आधी चहा घे" म्हणून तुम्ही विषय उडवून लावाल, म्हणून सगळ्यांच्या देखत लिहिते.

आईच्या फराळाचं वेबपेज तयार झालं. दांडिया बाजारातल्या आपल्या लोकांसाठी मराठीत, उरलेल्या बडोद्यासाठी गुजरातीत. बटणं तुम्ही चुटकीसरशी करून दिली असतीत, पण माऊस माझ्याच हातात ठेवलात. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये आयत काढायचा, कोपऱ्यावरचा बारीक गोल ओढला की कोपरे वळतात, आणि एसव्हीजीत, म्हणजे ठिपक्यांऐवजी आकार साठवणाऱ्या फाइलीत, ठेवलं की कितीही मोठं केलं तरी कडा फाटत नाहीत.

मधूनमधून तुमच्या बोलण्यात फायरवर्क्स, ते वेबसाठी चित्रं काढायचं जुनं सॉफ्टवेअर, यायचंच. १९९८ साली मॅक्रोमीडियानं आणलेलं, २००५ मध्ये कंपनीसकट अडोबीकडे गेलेलं, आणि २०१३ मध्ये अडोबीनं ज्याच्या नव्या आवृत्त्या थांबवल्या ते. त्यात एका बटणाची चार रूपं काढायची: नुसतं, माऊस वर आल्यावर, दाबल्यावर, आणि दाबलेल्यावर पुन्हा माऊस आल्यावर. मी उत्साहानं चारही काढायला बसले, तर तुम्ही म्हणालात, "अगं, गिऱ्हाईक फोनवरून येणार. बोट काय हवेत तरंगत थांबणार आहे?" मग दाबल्यावर रंग गडद होतो, एवढंच ठेवलं.

बटणावरची अक्षरं चित्रात गोठवू दिली नाहीत, खरा मजकूर म्हणूनच ठेवायला लावलीत, त्याचे तर विशेष आभार. "ऑर्डर द्या" मधला रफार वरच्या कडेला टेकत होता, आणि गुजरातीला शिरोरेखाच नसल्यानं तोच मजकूर त्याच चौकटीत खाली बसल्यासारखा दिसायचा. उंची ठरवून टाकण्याऐवजी अक्षरांभोवती मोकळी जागा सोडायची, हे तिथं कळलं. शिवाय डोळ्यांनी अधू माणसाला फोन ते बटण वाचूनही दाखवतो.

आणि आईचा केशरी! त्यावर पांढरी अक्षरं हवीत, हा तिचा हट्ट. तुम्ही वाद घातला नाहीत, भर दुपारी फोन घेऊन तिला गच्चीत नेलंत. उन्हात काही दिसेना, तेव्हा तिनंच गडद मरून रंग निवडला. अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणात निदान ४.५ ला १ एवढा फरक हवा, हा नियम तुम्ही मला जिन्यात सांगितलात. आईला आकडे सांगून काही झालं नसतं, हे तुम्हाला बरोबर ठाऊक होतं.

पैसे घेणार नाही म्हणालात, ठीक. फराळाचा डबा मात्र परत पाठवायचा नाही, असं आईनं बजावलंय. आणि चकलीचं चिन्ह अजून जिलबीसारखंच दिसतंय, तेव्हा शनिवारी लॅपटॉप घेऊन वर येते.

तुमची,
खालच्या मजल्यावरची