स्टार काढा, कारण छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत सिनेमा, सिरीज आणि पुस्तकांचं जे पान येतं ते मी अगदी नीट वाचते आणि त्याच पानाबद्दल लिहितेय. हल्ली परीक्षणाच्या डोक्यावर पाचपैकी किती स्टार ते मोठ्ठं छापलेलं असतं, आणि खाली प्रेक्षकांची मतं म्हणून एकेका ओळीचं काहीतरी, मस्त आहे, बोअर झालं, पैसा वसूल, एकदा बघायला हरकत नाही. माझी विनंती एवढीच की ते स्टार काढा आणि तीच जागा लोकांना द्या, काय आवडलं काय नाही आणि मुख्य म्हणजे का, हे लिहायला.

एखाद्या सिनेमाला पाचपैकी तीन मिळाले तर त्यातून काय समजायचं सांगा. सगळ्यांना ठीकठाक वाटला असेल तरी तीन, आणि निम्म्यांनी डोक्यावर घेतला नि निम्मे वैतागून उठले तरी सरासरी तीनच. पण हे दोन अगदी वेगळे सिनेमे आहेत हो! पहिला नाही बघितला तरी माझं काही बिघडत नाही, दुसरा मात्र मला बघायचाच असतो, कारण ज्याच्यावरून लोक एवढे तावातावाने भांडतायत त्यात काहीतरी असणारच. आकड्यात हे दिसतच नाही. शिवाय ऑनलाइन रेटिंग देतं कोण, तर ज्याला खूप आवडलं तो किंवा ज्याचा खूप संताप झाला तो, मधले लोक गप्प बसतात, म्हणून तिथे पाचचा ढीग असतो, एकचा ढीग असतो आणि मधे सगळं विरळ.

रॉटन टोमॅटोजचं तर अजूनच वेगळं आहे आणि मला वाटतं बऱ्याच जणांचा त्यात गोंधळ होतो. समीक्षकांची मतं गोळा करणारी ही साइट १९९८ पासून आहे, तिच्यावर सिनेमासमोर जो टक्का दिसतो तो शंभरपैकी मार्क नसतात, तर किती टक्के समीक्षकांचं मत एकंदरीत बरं आहे तेवढंच तो सांगतो, आणि तो ६० किंवा जास्त झाला की शेजारी लाल टोमॅटोचं चित्र, म्हणजे चांगल्याची खूण. म्हणजे शंभर समीक्षकांनी 'बरा आहे, बघू शकता' एवढंच म्हटलं तरी शंभर टक्के, आणि साठ जण वेडे झाले नि चाळीस जणांना अजिबात झेपला नाही तर साठ टक्के. लोक मात्र ९५ बघून समजतात की हा थोर सिनेमा आणि ६० बघून म्हणतात जेमतेम पास. तो टक्का खोटा नाही, तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे, आणि तो प्रश्न कुणी वाचत नाही.

त्यात पुन्हा पहिल्या आकड्याचा पुढच्यांवर परिणाम होतो हे वेगळंच. २०१३ साली सायन्स या नियतकालिकात एक प्रयोग आला होता, बातम्यांच्या एका साइटवर संशोधकांनी काही कमेंट्सना अगदी सुरुवातीला मुद्दाम एक चांगलं मत दिलं, बस एकच, तर त्या कमेंट्सचं शेवटचं रेटिंग सरासरी २५ टक्क्यांनी वर गेलं. मजकूर कुणी बदलला नव्हता, फक्त आधी कुणालातरी आवडलंय हे दिसलं. मग तुमच्या पानावर चार स्टार बघून थिएटरात शिरलेला माणूस बाहेर येऊन जे बोलतो त्यात त्याचं स्वतःचं किती आणि त्या चार स्टारचं किती, कसं ओळखायचं?

आणि न बघता न वाचता दिलेली मतं, याचा मला खरंच त्रास होतो. २०१९ मध्ये रॉटन टोमॅटोजला रिलीजच्या आधी प्रेक्षकांच्या कमेंट्स घेणं बंद करावं लागलं, कारण सिनेमा यायच्या आधीच लोक त्याला पाडायला टपलेले असायचे, आणि त्याच वर्षी तिकीट काढल्याची खात्री झालेली रेटिंग्ज त्यांनी वेगळी दाखवायला सुरुवात केली. पुस्तकांचंही तेच. २०२३ मध्ये अमेरिकन लेखिका एलिझाबेथ गिल्बर्ट यांनी आपली येऊ घातलेली कादंबरी स्वतःच मागे घेतली. कथानक रशियात घडणारं होतं, युक्रेनमधलं युद्ध चालू होतं, आणि पुस्तक छापून यायच्या आधीच गुडरीड्स या वाचकांनी पुस्तकांना रेटिंग द्यायच्या साइटवर एक-एक स्टारचा भडिमार झाला. आता ज्या वाचकांना राग आला त्यांच्या रागाला कारण होतं, ते मी उडवून लावत नाही, त्यांनी ते कारण लिहावं, जोरात लिहावं, मी ते वाचेन आणि कदाचित पटेलही. पण एक स्टार म्हणजे पुस्तक वाईट आहे असं सांगणं झालं, आणि ते पुस्तक तर कुणाच्या हातातच पडलं नव्हतं. कारण लिहायची सक्ती असती तर हा राग रागच दिसला असता, पुस्तकाची किंमत म्हणून नाही.

गुडरीड्सवरूनच आठवलं. लांबलचक मालिकांची जी पुस्तकं असतात त्यात पुष्कळदा तिसऱ्या-चौथ्या भागाचं रेटिंग पहिल्यापेक्षा जास्त दिसतं, आणि लोक म्हणतात बघा लेखक कसा सुधारत गेला. अहो, ज्यांना पहिला भाग आवडला नाही ते दुसऱ्याला गेलेच नाहीत! उरले ते सगळे चाहते. याच्या उलट पुरस्कारांचं होतं. २०१४ मध्ये कोवाक्स आणि शार्की या दोन संशोधकांनी गुडरीड्सवरचीच मतं तपासली, पुरस्कार मिळालेली पुस्तकं एका बाजूला आणि नामांकन होऊन पुरस्कार हुकलेली दुसऱ्या बाजूला, तर पुरस्कार मिळालेल्यांचं रेटिंग नंतर जास्त घसरलं. पुस्तक तेच, फक्त पुरस्काराचं नाव ऐकून जे वाचक आले त्यातल्या बऱ्याच जणांना मुळात तशी पुस्तकं आवडतच नव्हती. म्हणजे आकडा पुस्तकाबद्दल कमी सांगतो आणि ते कुणाच्या हातात पडलं याबद्दल जास्त. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण एकदा हे लक्षात आलं की 'या पुस्तकाला किती मिळाले' हा प्रश्न मागे पडतो आणि 'हे कुणाला आवडलं, तो माणूस माझ्यासारखा आहे का' हा प्रश्न पुढे येतो, आणि त्याचं उत्तर फक्त शब्दांतच मिळू शकतं.

टीव्हीबद्दल थोडक्यात. टीआरपी हे मत नाहीच, निवडलेल्या घरांमध्ये कुठलं चॅनल किती वेळ चालू होतं याचा तो अंदाज आहे. चालू होतं म्हणजे आवडलं असं कुठे असतं? सवयीने लावलेलं असतं, घरात एकाला हवं म्हणून बाकीचे बसलेले असतात, कित्येक जण तर नुसतं नावं ठेवायला बघतात. नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये पाच स्टार काढून आवडलं-नावडलंचा अंगठा आणला तेव्हाही त्यांना हेच दिसलं होतं, की लोक गंभीर माहितीपटाला भरभरून स्टार देतात आणि प्रत्यक्षात बघत बसतात ती हलकीफुलकी कॉमेडी. लोक खोटं बोलत होते असं मी म्हणणार नाही. चांगलं काय आणि आज रात्री काय बघायचं हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि स्टारची ओळ एकच होती.

आता कुणी म्हणेल लोकांना वेळ कुठे आहे, स्टार बघितले की झटकन कळतं. मला हे पटत नाही, कारण दोन ओळींत कारण सांगता येतं आणि ते वाचायला स्टार मोजण्यापेक्षा फार वेळ लागत नाही. 'पहिले तीन एपिसोड रेंगाळतात, चौथ्यापासून सुटत नाही, पण मारामारी फार आहे, मुलांना घेऊन बसू नका.' यात काय नाही? आणि कारण दिलं की वाईट मतसुद्धा उपयोगी पडतं. कुणी लिहितं, 'काही घडतच नाही, दोन तास नुसते दोघं बोलत बसलेत', त्याने वैतागून लिहिलंय, पण मला तसेच सिनेमे आवडतात म्हणून त्याच ओळीमुळे मी तो सिनेमा शोधून बघते. त्याने दिलेला एक स्टार मला त्या सिनेमापासून लांब ठेवणार होता, त्याच्याच कारणाने मला जवळ नेलं. तसंच कौतुकाचं, 'सारखे ट्विस्ट, डोकं गरगरतं, भारी!' हे वाचून मला कळतं की हे माझ्यासाठी नाही, आणि ते लिहिणाऱ्याशी माझं काही भांडणही राहत नाही.

शिवाय मत बदलतं आणि स्टार मात्र पहिल्या शुक्रवारी चिकटले ते चिकटले. द शॉशँक रिडेम्प्शन १९९४ मध्ये थिएटरात चालला नाही, ऑस्करची सात नामांकनं मिळाली पण एकही पुरस्कार नाही, नंतर लोकांनी तो व्हिडिओवर आणि टीव्हीवर पुन्हा पुन्हा बघितला आणि आज आयएमडीबी या सिनेमांच्या साइटवरच्या प्रेक्षकांच्या रेटिंगच्या यादीत तो वर्षानुवर्षं सगळ्यात वर आहे. कागज के फूल १९५९ मध्ये असा पडला की गुरुदत्तने पुढे दिग्दर्शक म्हणून आपलं नाव लावलं नाही, आणि नंतरच्या पिढ्यांनी तोच सिनेमा उचलून धरला. लोकांना आधी काय खटकलं आणि नंतर काय दिसलं हे त्या त्या वेळी साध्या प्रेक्षकांनी लिहून ठेवलेलं असतं तर ते वाचायला किती मजा आली असती!

आणि प्रेक्षक-वाचक लिहीत नाहीत असं कुणी म्हणू नये. कॉनन डॉयलने १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला मारून टाकलं तेव्हा वाचक हळहळले, चिडले, पुष्कळांनी त्या कथा छापणारं स्ट्रँड मासिक घेणंच बंद केलं, आणि शेवटी १९०३ मध्ये डॉयलला त्याला जिवंत परत आणावं लागलं. स्टार ट्रेक ही अमेरिकन टीव्ही मालिका बंद पडणार अशी कुणकुण लागली तेव्हा चाहत्यांनी चॅनलला पत्रांवर पत्रं पाठवली आणि तिसरा सीझन झाला. तेव्हा लोक बसून लिहायचे, आता फक्त एक बटण दाबायचं असतं, आणि मला वाटतं लिहायला जागा मिळाली तर आजही लोक लिहितील.

म्हणून, स्टार काढून वाचकांची मतं मागवा, आणि मागवताना अट घाला की पूर्ण बघितलं किंवा वाचलं की अर्धवट सोडलं ते आधी सांगायचं. अर्धवट सोडलं असेल तरी छापा, कुठल्या एपिसोडला किंवा कितव्या पानावर सोडलं ते फार बोलकं असतं. शेवट कुणी फोडणार नाही एवढी कात्री तुम्ही चालवा, बाकी भाषा त्यांची तशीच राहू द्या. एकाच सिनेमावरची दोन उलटी मतं शेजारी शेजारी छापलीत तर फारच छान, आणि मधून मधून एखाद्या जुन्या सिनेमावर किंवा पुस्तकावर आता काय वाटतं तेही विचारा. तुमच्या परीक्षकांचं परीक्षण मला हवंच आहे, ते कमी करा असं मी अजिबात म्हणत नाही, फक्त त्यांनी मेहनतीने लिहिलेले आठशे शब्द वरच्या तीन चांदण्या बघून लोक सोडून देतात याचं मला वाईट वाटतं.

असं पान सुरू केलंत तर पहिल्याच आठवड्यात माझं मत पाठवते, कारणासकट.

आपली,
पुरवणीची नियमित वाचक