फेस वाढवल्याने मॉडेल सुधारत नाही

माननीय संपादक,

संगणकावर त्रिमितीय वस्तू घडवण्याविषयीचा लेख आपल्या पुरवणीत वाचून आनंद झाला. मात्र ‘फेस जितके जास्त, तितके मॉडेल चांगले’ हे त्यातले विधान नवशिक्यांना चुकीच्या वाटेला लावणारे आहे, म्हणून हे पत्र.

मेश म्हणजे वस्तूची जाळी: बिंदू, त्यांना जोडणाऱ्या कडा आणि कडांनी वेढलेले पृष्ठभागाचे तुकडे, म्हणजेच फेस. गोलाई असलेली वस्तू घडवताना जाणकार मुद्दाम मोजक्या चौकोनांची जाळी बांधतात आणि गुळगुळीतपणाचे काम सबडिव्हिजनवर, म्हणजे फेसचे आपोआप लहान तुकडे पाडण्यावर, सोपवतात. एडविन कॅटमल आणि जिम क्लार्क यांनी १९७८ मध्ये मांडलेली पद्धत त्यासाठी आजही सर्रास वापरली जाते. तिच्या दर पातळीला एका चौकोनाचे चार होतात, म्हणजे १०० चौकोनांचे तिसऱ्या पातळीला ६४००. शंभराची जाळी हाताने हवी तशी वळवता येते. हजारो बिंदू एकेक करून ओढले, की पृष्ठभागावर उंचवटे आणि खळगे राहतातच.

कान असलेला मग घेऊ. सिलिंडरला १२ बाजू पुरतात. ब्लेंडर या मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप येणाऱ्या ३२ बाजू इथे नकोत. वरचा फेस इनसेट करावा, म्हणजे त्याच्या आत छोटा फेस पाडावा, आणि आतला भाग खाली एक्स्ट्रूड करत, म्हणजे नव्या भिंतींसह ढकलत, तळाच्या थोडे वर थांबावे, म्हणजे भिंतीला आणि तळाला जाडी मिळते. आता बाहेरचा आणि आतला असे दोन्ही तळ १२ कडांचे एकेकच फेस आहेत. तसेच ठेवले तर सबडिव्हिजननंतर मध्यबिंदूत १२ कडा घुसतात आणि तिथली चमक सुरकुतते. म्हणून दोन्ही पुन्हा थोडे इनसेट करून मधला फेस काढावा आणि मोकळ्या १२ कडांवर, भोक चौकोनांच्या जाळीने भरणारे ग्रिड फिल वापरावे. ३ बाय ३ असे नऊ चौकोन नेमके बसतात. बाजूंची संख्या विषम असती, तर ही जागा नुसत्या चौकोनांनी भरताच आली नसती. सिलिंडर घेतानाच हा विचार करावा लागतो तो यासाठी.

कानासाठी बाहेरच्या भिंतीवर पाच आडवे लूप कट, म्हणजे सभोवार फिरणाऱ्या कडांच्या नव्या ओळी (लूप), द्याव्यात. सहा ओळी होतात. एकाच उभ्या पट्ट्यातले दुसऱ्या आणि पाचव्या ओळीतले फेस बाहेर एक्स्ट्रूड करून एकमेकांकडे वळवावेत, टोकांचे फेस काढावेत आणि उघड्या कडा ब्रिज कराव्यात, म्हणजे नव्या फेसनी जोडाव्यात. दोन्हीकडे चार-चार कडा असल्याने जोड स्वच्छ येतो. एकीकडे सहा आणि दुसरीकडे आठ असत्या, तर मध्ये त्रिकोण आले असते. कान भिंतीला मिळतो तिथल्या चारही कोपऱ्यांवर पाच-पाच कडा एकत्र येतात. असे बिंदू, म्हणजे पोल, अटळ आहेत, पण ते चकचकीत वक्र भागाच्या मधोमध येऊ देऊ नयेत.

सबडिव्हिजनमध्ये प्रत्येक बिंदू शेजाऱ्यांच्या सरासरीकडे सरकतो, म्हणून मगाचा काठ आणि तळाची कड गोल होऊन विरघळते. कडेच्या दोन्ही बाजूंना एकेक आधाराचा लूप दिला की ती टिकते. लूप जितका जवळ, तितकी कड तीक्ष्ण. उभे लूप मात्र असे जवळ आणू नयेत, गोल भिंतीवर पट्टा उमटतो.

एक तपासणी फारच थोडे लोक करतात, ती प्रत्येकाने करावी. सलग, बंद आणि निव्वळ चौकोनांच्या मेशमध्ये कडा फेसच्या दुप्पट असतात. बिंदू, कडा आणि फेस यांचे नाते सांगणाऱ्या ऑयलरच्या सूत्रावरून, वस्तूला आरपार भोक नसेल तर बिंदू फेसपेक्षा दोनने जास्त येतात, जसे घनाचे ८ आणि ६. कानामुळे एक आरपार भोक पडले, की दोन्ही आकडे अगदी समान यायला हवेत. फेस जास्त भरले तर कानाच्या पोटात एखादा फेस काढायचा राहिला आहे. बिंदू जास्त भरले तर बहुधा कुठेतरी शिवण उसवली आहे. एक दोष मात्र या हिशोबातून निसटतो. फेस एक्स्ट्रूड करून लगेच उजव्या क्लिकने रद्द केला, तर ब्लेंडर फक्त हलवणे रद्द करते. नवे चार बिंदू आणि शून्य रुंदीचे चार फेस जागच्या जागी राहतात, दोन्ही आकडे सारखेच वाढतात आणि सबडिव्हिजननंतर तिथे विनाकारण कठीण, काळसर रेघ दिसते. सगळे निवडून, ठरावीक अंतराच्या आतले बिंदू एक करणारे ‘मर्ज बाय डिस्टन्स’ चालवावे, पण अंतर फार मोठे ठेवू नये, नाहीतर जवळचे आधारलूपही एकमेकांत मिसळतात.

बेव्हल, म्हणजे कडेला दिलेली उतरती पट्टी, एका दिशेला रुंद आणि दुसरीकडे अरुंद येत असेल, तर ऑब्जेक्टची स्केल लागू करायची राहिलेली असते. गेम इंजिनमध्ये एखादा फेस गायब दिसला, तर त्याचा नॉर्मल, म्हणजे फेसची बाहेरची बाजू दाखवणारी दिशा, आत वळलेला असतो.

त्रिकोणांना घाबरण्याचे कारण नाही. शेवटी ग्राफिक्स कार्ड त्रिकोणच काढते आणि त्रिमितीय छपाईत वापरल्या जाणाऱ्या एसटीएल फाइलमध्येही तेच असतात. अडचण घडवताना येते, कारण लूप कट त्रिकोणापाशी थांबतो. सपाट, न वाकणाऱ्या भागावर तो खुशाल असू द्यावा. कोपर, गुडघा, ओठ अशा वाकणाऱ्या जागी नको. तिथे सांध्याला निदान तीन लूप हवेत, नाहीतर वाकवताना सांधा चपटा होतो.

पुरवणीतल्या पुढच्या लेखात रंगीत चित्राशेजारी त्याच वस्तूची वायरफ्रेमही, म्हणजे नुसत्या कडांचे चित्रही, छापावी, ही विनंती. लेखासोबतच्या तीनही चित्रांत जाळी कुठेच दिसत नाही, त्यामुळे ती वस्तू कशी बांधली हे वाचकाला कळायला मार्ग नाही.

आपले,
मॉडेलिंग शिकवणारे दोन वाचक