मोसंबीवरचा ग्रीक आणि वेरूळचा पहिलवान

छत्रपती संभाजीनगर

प्रिय मित्रा,

तू नाव विचारलंस ते तुझ्या बागेतलं फुलपाखरू म्हणजे पापिलिओ डेमोलियस. मोसंबीच्या कोवळ्या फुटीवर पाखराच्या शिटेसारखी दिसणारी, डिवचली की डोक्यामागून नारिंगी शिंगं काढून घाण वास सोडणारी अळी याचीच. नावाचा मात्र मोसंबी-लिंबाशी काडीचा संबंध नाही.

जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५८ साली, ग्रीक आणि ट्रॉय यांच्या पुराणातल्या युद्धावरून, मोठ्या फुलपाखरांच्या दोन फौजा पाडल्या. छातीवर रक्ताचे ठिपके असतील तर ट्रॉयचा सरदार. छाती कोरी आणि मागच्या पंखाच्या आतल्या कोपऱ्यात डोळ्यासारखा ठिपका असेल तर ग्रीक. तुझ्या फुलपाखराच्या त्या कोपऱ्यात लाल ठिपका आहे, छाती कोरी. म्हणून ग्रीक. डोकं-पोट लालभडक असलेलं काळं दिसलं, तर तो ट्रॉयचा हेक्टर.

ही वाटणी दिसण्यावरची, नात्यावरची नव्हे. पुढं हेक्टरची प्रजाती, म्हणजे नावातला पहिला शब्द, बदलली, म्हणून संग्रहातली त्याची चिठ्ठी 'पॅक्लिओप्टा हेक्टर (लिनियस, १७५८)' अशी कंसासह. डेमोलियस मूळ प्रजातीतच राहिला, त्याला कंस नाही. पोरं शोभेसाठी कंस घालतात अन् सगळा अर्थ बिघडतो. हातानं लिहिताना नावाच्या दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ मार, सलग नको.

आता खरी गंमत. रोमन कवी व्हर्जिलच्या 'ईनिड' या महाकाव्याच्या ५व्या सर्गात आपल्या जत्रेसारख्या स्पर्धा आहेत. होड्यांच्या शर्यतीत दुसरा आलेल्याला मिळतं डेमोलियस या ग्रीक योद्ध्याचं चिलखत. दोन नोकरांना ते खांद्यावर पेलवेना, अन् हा गडी म्हणे ते अंगात घालून शत्रूमागं पळायचा! त्याच सर्गात म्हातारा मुष्टियोद्धा एंटेलस आहे. ठोसा हुकून तोंडघशी पडतो, मग चिडून उठतो, जवान डेरीसला बेदम बडवतो आणि बक्षिसाचा बैल एका बुक्कीत आडवा करतो.

वेरूळच्या लेण्यांवर उड्या मारणाऱ्या वानराचं शास्त्रीय नाव याच्यावरूनच: सेम्नोपिथेकस एंटेलस. प्रजातीचा अर्थ 'पूज्य माकड', तो ठीक जमला. पुढं वानरांना नाव ठेवणाऱ्यांनी ट्रॉयच्या कथांतली नावं देण्याचा तोच पायंडा धरला: हिमालयातला एजॅक्स, तराईतला हेक्टर, दक्षिणेतला प्रायम. लंकेतल्या वानराच्या वाट्याला तर थर्सायटीस आला. ट्रॉयच्या युद्धावरच्या 'इलियड' या ग्रीक महाकाव्यातला तोंडाळ शिपाई, ग्रीक राजा ओडिसियसच्या राजदंडाचा मार खाणारा. मारुतीच्या जातीला, तेही लंकेत, हे नाव मला काही पटत नाही. पण आधी ठेवलेलं नाव आवडलं नाही म्हणून बदलता येत नाही, असा नियमच आहे.

फोटो पाठवशील तेव्हा पंख मिटून बसलेल्याचा, बाजूनं काढ. वरून छाती दिसत नाही.

तुझाच,
मित्र