दोन विकलांची भिंत नव्हे, नॉइजची किंमत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीतील रेडिओ दुर्बिणींवरच्या लेखात नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या अनेक अँटेनांच्या रेडिओ दुर्बिणीची ओळख उत्तम करून दिली आहे. मात्र ‘दोन विकलांहून कमी अंतरावरचे स्रोत या दुर्बिणीला वेगळे ओळखताच येत नाहीत’ हे त्यातील विधान (विकला म्हणजे कोनाच्या एका अंशाचा 3600 वा भाग) अपुरे आहे, आणि सिग्नल प्रोसेसिंग शिकवण्यात हयात गेलेल्या माझ्यासारख्याला ते तसेच सोडून देववत नाही.

हा आकडा 21 सेंटीमीटरची तरंगलांबी आणि अँटेनांचा सुमारे 25 किलोमीटरचा पसारा यांच्या गुणोत्तरातून येतो. दोन बिंदू सुटे कधी दिसतात याचा, भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी 1879 मध्ये मांडलेला निकष याच जातीचा असून त्यात नॉइजचा, म्हणजे सिग्नलमध्ये मिसळणाऱ्या यादृच्छिक गोंगाटाचा, हिशेबच नाही. दुर्बिणीचा प्रतिसाद, म्हणजे एकटा बिंदू तिच्यात कसा पसरून दिसतो हे, अचूक ठाऊक असता आणि नॉइज मुळीच नसता, तर कितीही जवळचे दोन बिंदू गणिताने सुटे करता आले असते. खरी अडवणूक नॉइज करतो.

सारख्या तेजाचे दोन बिंदू या मर्यादेच्या बरेच आत आले की प्रतिमेत एकच ठिपका उरतो. पण तो एकट्या बिंदूच्या ठिपक्याहून किंचित रुंद असतो आणि ही जास्तीची रुंदी अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटत जाते. म्हणजे अंतर निम्मे झाले की दोघांची खूण एक चतुर्थांश उरते. ती ओळखायची तर प्रतिमेतील नॉइजही एक चतुर्थांशावर आणावा लागतो, आणि नॉइज निरीक्षणकाळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणातच उतरत असल्याने वेळ सोळापट लागतो. जे 8 तासांत साधत होते, त्याला 128 तास लागतात. अंतर आणखी निम्मे केले, तर 2048 तास, म्हणजे अखंड 85 दिवसांहून अधिक.

ही किंमत चलाखीने चुकवता येत नाही. कोलकात्यात काम करणाऱ्या तरुण संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी 1945 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि स्वतंत्रपणे स्वीडिश गणितज्ञ हाराल्ड क्रामेर यांनीही मांडलेल्या असमानतेनुसार, उपलब्ध मोजमापांतून काढलेल्या अनुमानाची त्रुटी, त्या अनुमानाचा कल एका बाजूला नसेल, तर ठरावीक पातळीखाली जाऊच शकत नाही. म्हणून एखादे सॉफ्टवेअर त्याहून रेखीव चित्र देत असेल, तर ‘येथे नेमके दोनच बिंदू आहेत’ यासारखे एखादे गृहीतक त्याने बाहेरून आणलेले असते. तसे करण्यात गैर काही नाही, परंतु ते वाचकाला सांगितले पाहिजे.

यापुढे अशी चित्रे छापताना सिग्नल-नॉइज गुणोत्तर, निरीक्षणाचा कालावधी आणि वापरलेली गृहीतके चित्राखाली एका ओळीत द्यावीत, ही आग्रहाची विनंती.

कळावे,
एक निवृत्त प्राध्यापक, पुणे