लस, हृदयाची सूज आणि अफवा

महोदय,

एखादा तरुण अचानक कोसळला की ‘कोविडची लस घेतली होती ना?’ हा प्रश्न अजूनही हमखास विचारला जातो. लशीनंतर क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते, ही काही अफवा नव्हे. २००३ मध्ये अमेरिकेत देवीची लस टोचलेल्या निरोगी सैनिकांमध्ये ती आढळली होती, आणि जून २०२१ मध्ये तेथील औषध प्रशासनाने फायझर व मॉडर्ना यांच्या एमआरएनए (विषाणूचे प्रथिन बनवण्याची सूचना शरीराच्या पेशींना देणाऱ्या) लशींच्या माहितीपत्रकात तसा इशारा घातला. हा त्रास प्रामुख्याने तरुण पुरुषांना, बहुधा दुसऱ्या मात्रेनंतर आठवडाभरात होतो आणि बहुतेक जण बरे होतात. आपल्याकडे मुख्यतः दिल्या गेलेल्या कोविशिल्ड आणि कोव्हॅक्सिन या लशी त्या प्रकारच्या नव्हत्याच, हे व्हॉट्सॲपवरचे पंडित सोयीस्करपणे विसरतात. १८ ते ४५ वयोगटातील आकस्मिक मृत्यूंविषयीच्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) अभ्यासातही लशीमुळे धोका वाढल्याचे आढळले नाही. तरीही कोणत्याही लशीनंतर छातीत दुखू लागले, धाप लागली वा धडधड वाढली, तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून ओवा चघळत न बसता ईसीजी आणि ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला झालेली इजा दाखवणाऱ्या प्रथिनाची) रक्ततपासणी करून घ्यावी, आणि डॉक्टरांनीही अशा रुग्णाची नोंद आरोग्य यंत्रणेकडे करण्यास टाळाटाळ करू नये.

– एक वाचक, सातारा