गोवराचा दुसरा डोस कार्डावर आहे का?

माननीय संपादक,
स.न.

2022च्या अखेरीस मुंबईत गोवंडी, मालवणी भागात गोवराची साथ पसरली, तेव्हा आरोग्य कर्मचारी घरोघर फिरून कुठल्या मुलाला लस मिळाली आणि कुठलं राहिलं याच्या याद्या करत होते. तहान लागल्यावर विहीर खणण्याची ही पाळी गोव्यावर येऊ नये म्हणून हे पत्र.

मी डिचोली तालुक्यात अंगणवाडी सेविका होते. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळतो आणि तो सहसा चुकत नाही. गाडी अडते ती दुसऱ्यापाशी. तो 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान घ्यायचा असतो. तोवर आई कामावर रुजू झालेली, मूल आजीकडे आणि लसीकरणाचं कार्ड कपाटात रेशनकार्डाच्या पिशवीत. विचारलं की उत्तर ठरलेलं, "सगळी इंजेक्शनं झाली, टीचर." कार्ड मागवून बघावं तर दुसऱ्या डोसाचा चौकोन कोरा! कधी तो डोस खासगी डॉक्टरकडे झालेला असतो, पण एमएमआरची (गोवर, गालगुंड, रुबेला यांच्या एकत्रित लसीची) नोंद त्यांच्या फाइलीत राहते, सरकारी कार्डावर चढतच नाही. कधी कार्डावर अजून 'बेबी ऑफ' आणि आईचं नाव एवढंच असतं, बारशाचं नाव कोणी घातलेलंच नसतं. मोबाइल नंबर बदलला की यू-विन या सरकारी लसीकरण नोंदणीचा आठवणीचा मेसेजही भलतीकडे जातो.

एवढ्या कागदाचं काय, असं वाटेल. पण पुरळ दिसायच्या चार दिवस आधीपासून मूल गोवर पसरवत असतं. ते खोलीतून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. लस न घेतलेलं मूल अशा संपर्कात आलं, तर 72 तासांच्या आत डोस दिल्यास आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. वर्गात एका मुलाला गोवर निघाला, तर बाकीच्यांतली कोणती मुलं लसीविना आहेत हे त्याच दिवशी कळायला हवं. ते तीन दिवस पालकांना फोन करण्यात गेले तर लस असून नसल्यासारखी.

फेब्रुवारी 2017च्या गोवर-रुबेला लसीकरण मोहिमेत पहिल्याच टप्प्यात गोवा होता, त्यामुळे "आमच्याकडे झालंय सगळं" असं अजून ऐकू येतं. तेव्हाच्या काही मुलांना आता मिसरूड फुटलं. आजची बालवाडीतली मुलं तेव्हा जन्मलीही नव्हती.

आरोग्य संचालनालय आणि भागशिक्षणाधिकाऱ्यांनी गणेश चवथीच्या सुट्टीआधी प्रत्येक अंगणवाडीत, बालवाडीत कार्डं मागवून नर्सबाईंकडून तपासून घ्यावीत. मुंबईची माणसं गावी येतात, आपली मुलं त्यांच्यात मिसळतात, म्हणून आधी. राहिलेला डोस मूल पाच वर्षांचं होईपर्यंत सरकारी केंद्रात मोफत मिळतो. कार्ड हरवलं म्हणून कोणाला परत पाठवू नये. नोंद नसेल तर पुन्हा दिलेल्या डोसाने अपाय होत नाही.

बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांची कार्डं बहुधा कर्नाटकातली, कन्नडमध्ये भरलेली असतात. ती वाचू शकणारं कोणीतरी सोबत घेऊन नर्सबाईंनी तिथं जावं, आणि तेही रोजंदारी बुडणार नाही अशा वेळी, म्हणजे संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका, डिचोली