साहेब, अख्खी मॅच एका ओळीत संपवू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, की नागपूरचे काही लोक रोज सकाळी ग्राउंडवर उभे राहून अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरांवरून भांडून रायले, यांना घरी कामधंदे नाहीत का. त्यात कुणाचं नाव नव्हतं पण वर्णन हुबेहूब आमचंच होतं, पांढरी स्कूटर तर माझीच, आणि त्या दिवशी आवाज जरा जास्त झाला होता हे मान्य. म्हणून हे उत्तर. लांबलं तर मधलं कापा, शेवटचं कापू नका, मुद्दा तिथं आहे.

आधी भांडण काय ते सांगतो. आमचा ग्रुप सॅक्रामेंटो किंग्जवाला, म्हणजे अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधली टीम. काऊन, तर त्या टीमचा मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेला माणूस, २०१३ मध्ये त्याने टीम विकत घेतली तेव्हा आमच्या बँकवाल्या काकांनी जाहीरच करून टाकलं की आजपासून ही आपली टीम. ऑक्टोबर २०१९ मध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स मुंबईत वरळीला दोन मॅच खेळायला आले, तेव्हा आमच्यातले तिघं रात्रीच्या गाडीने गेले होते. दोन्ही मॅच किंग्ज हारले, पहिली तर ओव्हरटाइममध्ये एका पॉइंटने. तेव्हाच समजायला पाहिजे होतं. २००६ नंतर थेट २०२३ पर्यंत ही टीम प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत) गेली नाही, लागोपाठ १६ सीझन, आणि २०२३ ला गेली तर सातव्या, निर्णायक मॅचमध्ये गोल्डन स्टेटच्या स्टीफन करीने ५० पॉइंट मारून घरी पाठवली. २०२५-२६ ला तर पुन्हा पार तळातल्या टीमांत. हिवाळ्यात त्यांची घरची मॅच आपल्याकडे सकाळी साडेआठला सुरू होते, नेमकी ऑफिसच्या टायमाला, आणि हारल्यावर तेच तोंड घेऊन दिवसभर खुर्चीत बसायचं.

पण तळाला गेलं की एक आशा असते, तिचं नाव ड्राफ्ट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, तिथं ३० टीम आहेत आणि कॉलेजातून (आणि बाहेरच्या देशांतून) येणारी नवी पोरं त्या आळीपाळीने निवडतात, दोन राउंड असतात. प्लेऑफ हुकलेल्या १४ टीमांची आधी लॉटरी निघते. मशीनमध्ये १४ चेंडू, त्यातले चार निघतात, त्याच्या १००१ जोड्या होतात, एक सोडून बाकी सगळ्या टीमांना वाटलेल्या असतात, वाईट टीमला जास्त. म्हणजे भिशीच्या चिठ्ठ्याच समजा, फक्त ज्याची जास्त वाट लागली त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या जास्त. तरी सर्वात वाईट तीन टीमांना पहिल्या नंबरचा चान्स प्रत्येकी १४ टक्केच. २०२५ ला यूटा सर्वात खराब खेळून बसली होती, तिला मिळाला पाचवा नंबर, आणि पहिला लागला डॅलसला, १.८ टक्के चान्सवर! ज्या डॅलसने तीन महिने आधी लुका डॉन्चिचसारखा हिरा लेकर्सला देऊन टाकला त्यांनाच त्या वर्षीचा सर्वात गाजलेला पोरगा कूपर फ्लॅग मिळाला. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात, पण आमच्या काकांचं म्हणणं की देवाने पत्ता चुकवला.

तर २०२६ च्या ड्राफ्टसाठी तीन पोरांवरून वाद आहे. कॅन्ससचा डॅरिन पीटरसन, बीवाययूचा (ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीचा) एजे डिबान्सा आणि ड्यूकचा कॅमेरॉन बूझर. तिघंही कॉलेजच्या पहिल्याच वर्षाला. तिकडे नियम आहे की शाळा संपल्यावर किमान एक वर्ष थांबायचं आणि वय १९ पाहिजे, २००६ च्या ड्राफ्टपासून तसं आहे, म्हणून एवढी एवढी पोरं एक वर्ष कॉलेज खेळून निघून जातात. आता १९ वर्षांच्या पोराचं पुढं काय होईल हे त्याच्या मायलाही सांगता येत नाही, ते आम्ही फुटाळ्याच्या हवेत तर्री-पोहे खात ठरवतो. त्या वाचकाला यात हसू आलं असेल तर मी नाही रागावणार.

काका बूझरवाले. का, तर बापाचं रक्त. बाप कार्लोस बूझर २००२ ला पार दुसऱ्या राउंडमध्ये गेला होता आणि पुढे दोनदा ऑलस्टार झाला, मग पोरगा वर गेला तर काय करेल, हा त्यांचा हिशोब. आमच्यात एक सेकंड इयरचा पोट्टा आहे, तो पीटरसनवाला, म्हणतो आपल्याकडे धड पॉइंट गार्डच (बॉल घेऊन खेळ चालवणारा) नाही, फॉक्स पण गेला, हॅलिबर्टन पण गेला, गार्डच पाहिजे. (हॅलिबर्टनचं नाव काढलं की सगळे दोन मिनिटं गप्प बसतात. १२ व्या नंबरवर मिळालेला पोरगा, दोन वर्षात देऊन टाकला, आणि २०२५ ला तो इंडियानाला फायनलच्या सातव्या मॅचपर्यंत घेऊन गेला.) मिहानमध्ये नोकरी करणारा एक जण डिबान्सावाला, सहा फूट नऊ इंच उंची आणि तरी गार्डसारखा पळतो, त्याच्या मोबाइलमध्ये एक्सेल शीट आहे, फ्री थ्रो किती टक्के, थ्री किती टक्के, कोणत्या टीमविरुद्ध किती, सगळं. काका म्हणतात बीवाययूचा पोरगा नको रे बाप्पा, एकदा तोंड पोळलंय.

ते पोळलेलं तोंड म्हणजे २०११. बीवाययूचा जिमर फ्रेडेट, कॉलेजमध्ये मॅचला सरासरी २८.९ पॉइंट मारून अमेरिकेत पहिला आलेला. किंग्जनी त्याला दहाव्या नंबरचा म्हणून घेतला. लगेच अकराव्या नंबरवर क्ले थॉम्पसन गेला, पंधराव्यावर कवाय लेनर्ड. जिमर काही टिकला नाही. पण खरी गंमत पुढे आहे, त्याच ड्राफ्टमध्ये अगदी शेवटच्या, साठाव्या नंबरवर किंग्जनीच वॉशिंग्टनचा आयझेया थॉमस घेतला, पाच फूट नऊ इंच, आपल्या पानठेल्यावर उभा राहिला तर कुणी वळून बघणार नाही. त्याला २०१४ ला जाऊ दिला आणि २०१६-१७ ला बॉस्टनकडून त्याने मॅचला सरासरी किती मारले? २८.९. हा आकडा मिहानवाल्याने शोधून काढला तेव्हा काकांनी पोह्याची प्लेट खाली ठेवली होती.

माझं म्हणणं या तिघांपेक्षा वेगळं आहे आणि त्यावरूनच त्या दिवशी आवाज वाढला. मी म्हणतो टीममध्ये खड्डा कुठे आहे ते बघून पोरगा घेऊ नये, जो सर्वात चांगला आहे तो घ्यावा, खड्डा मग भरता येतो. २०१८ ला किंग्जचा दुसरा नंबर होता. गार्ड म्हणून फॉक्स होताच, म्हणून उंच माणूस पाहिजे म्हणत ड्यूकचा मार्विन बॅगली घेतला, आणि डॉन्चिच, जो १९ व्या वर्षी रिअल माद्रिदकडून युरोलीग ही युरोपची मोठी स्पर्धा जिंकून तिथला एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) होऊन बसला होता, तो समोरून गेला. १९८४ ला पोर्टलंडने हेच केलं होतं, आपल्याकडे ड्रेक्सलर आहे, मग तसाच अजून एक कशाला, सेंटर घेऊ, म्हणून सॅम बोवी घेतला आणि तिसऱ्या नंबरवर शिकागोला मायकल जॉर्डन मिळाला. पोट्टा म्हणतो काका लोक, तुम्हाला ही दोनच उदाहरणं येतात. बरोबर आहे त्याचं, तीच येतात. तो उलट विचारतो, पीटरसन दुखापतीमुळे इतक्या मॅच बाहेर बसला, मग सर्वात चांगला कोण हे ठरवणार कसं, खेळलेल्या मॅचवरून की न खेळलेल्या? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं म्हणून मी आवाज वाढवला. तेवढ्यात ते वाचक तिथून फिरायला निघाले असणार.

आता घरची गोष्ट. १९९४ ची असेल, मी कॉलेजच्या टीमचा कॅप्टन होतो, कॉलेजचं नाव सांगत नाही, आणि पी.टी.च्या सरांनी ट्रायलला मला शेजारी बसवलं होतं. ट्रायल म्हणजे एक सकाळ, तीस-चाळीस पोरं, दोन लेअप, दोन जंप शॉट, दहा मिनिटं मॅच, झालं. शेवटची एक जागा उरली. एक पोरगा सहा फूट दोन इंच, हात मोठे, पण बॉल पकडला की आधी घाबरायचा. दुसरा पारडीकडून सायकलवर येणारा, पाच फूट पाच, त्याच्या हातातून बॉल कुणाला काढता येत नव्हता. मी सरांना म्हटलं आपल्याकडे उंची नाही सर, उंचवाला घेऊ. खड्डा बघितला मी. सरांनी ऐकलं, आणि तेच ऐकायला नको होतं.

तो बुटका दुसऱ्या कॉलेजात गेला आणि इंटरकॉलेजिएटला सेमीफायनलमध्ये आमच्याच समोर. पुढचं सांगायला लाज वाटते, त्याने आम्हाला एकट्याने उचलून आपटलं. माझ्या आठवणीत त्याने ३१ पॉइंट मारले. आमचा तेव्हाचा सेंटर, जो आता सकाळी पोटामुळे फक्त फ्री थ्रो मारतो, तो म्हणतो अबे कुठले ३१, चोवीस होते. तीस वर्षं आम्ही यावरून भांडतो. दुसऱ्या दिवशी पेपरात काय आलं होतं ते मात्र दोघांना तोंडपाठ आहे, अमुक कॉलेजने तमुक कॉलेजवर मात केली, पुढे आकडे, आणि अंतिम फेरीत प्रवेश केला. बस. कुणी मारले, किती मारले, काही नाही. त्या पोराचं नाव छापून आलंच नाही. पुढे तो कुठे खेळला का, युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये गेला का, मला माहीत नाही, आणि शोधायचं कुठे तेही माहीत नाही.

साहेब, आता मुद्दा. आम्ही कॅन्ससच्या पोरावरून का भांडतो आणि काटोल रोडच्या पोरावरून का भांडत नाही? कारण कॅन्ससच्या पोराचा प्रत्येक शॉट कुठेतरी लिहून ठेवलेला आहे. तिकडे लहानातल्या लहान कॉलेजच्या मॅचचा आख्खा हिशोब निघतो, कोण किती मिनिटं खेळला, किती रिबाउंड, किती वेळा बॉल हरवला. स्टीफन करी डेव्हिडसन नावाच्या बारक्या कॉलेजात होता, तरी २००८-०९ ला तो देशात सर्वात जास्त पॉइंट मारतोय हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि एवढं ठाऊक असूनही पाच टीमांनी त्याला सोडलं, ती गोष्ट निराळी. चुकायलाही आकडे लागतात. आपल्याकडे इंटरकॉलेजिएट तीन-चार दिवसात संपते, मग युनिव्हर्सिटीच्या टीमची निवड, मग वेस्ट झोन, आणि कुणाला का घेतलं, कुणाला का वगळलं यावर चर्चा करायची तर हातात काय आहे? उंची. आणि कुणाच्या मामाची ओळख. आपल्या देशातला ड्राफ्ट झालेला पहिला पोरगा सतनाम सिंग, पंजाबच्या बल्लो के गावचा, २०१५ ला डॅलसने ५२ वा घेतला, तोसुद्धा अमेरिकेतल्या अकॅडमीत जाऊन राहिला तेव्हा मोजला गेला. एनबीएची मॅच त्याला खेळायला मिळाली नाही पण निदान यादीत नाव तरी लागलं.

आणि असं नाही की आपल्याकडे कुणी लिहीतच नाही. टेबलवर स्कोअरशीट असते, प्रत्येक खेळाडूचे पॉइंट आणि फाऊल त्यात असतातच. आंतरराष्ट्रीय नियमात तर तिच्या प्रतींचे रंगसुद्धा ठरलेत, गुलाबी जिंकणाऱ्या टीमला आणि पिवळी हारणाऱ्या टीमला. आमच्या वेळी साधा कार्बन घालून लिहायचे, पण एक प्रत आम्हालाही मिळाली असणार. सरांच्या कपाटात गेली असेल, मग कपाट रद्दीत. माझे ३१ की सेंटरचे २४, हे त्या कागदाबरोबर गेलं.

म्हणून विनंती एवढीच, इंटरकॉलेजिएटच्या दिवसात निकालाच्या त्या एका ओळीखाली अजून दोन ओळी द्या. दोन्ही टीमचे पहिले तीन स्कोअरर, नाव आणि पॉइंट. मुलींच्या मॅचचेसुद्धा, त्यांची तर कधी कधी ती एक ओळही नसते. जागा नाही असं म्हणू नका, आयपीएलच्या दिवसात कोणत्या खेळाडूने कोणता हेअरकट केला त्याचा फोटो मी तुमच्याच पेपरात बघितलाय, चांगला मोठा होता. तुमच्या माणसाला ग्राउंडवर यायला वेळ नसेल तर आम्ही स्कोअरशीटचा फोटो काढून संध्याकाळी पाठवतो, नावं टाइप करून, शुद्धलेखन तपासून. पोट्ट्याने ती जबाबदारी घेतली आहे, मिहानवाला एक्सेल भरणार आहे.

रिबाउंड आणि असिस्ट स्कोअरशीटमध्ये नसतात, त्यासाठी मागच्या रविवारपासून आम्ही सकाळच्या मॅचची एक वही सुरू केली आहे. सरावासाठी. दोनशे पानी, बर्डीवरून आणली, काकांकडे असते, बँकेत आयुष्य गेल्यामुळे ते प्रत्येक बास्केटला टिक मारून शेवटी बेरीज दोनदा करतात आणि वाद घातला तर सही करायला लावतात. पहिल्या पानावर माझ्या नावापुढे चार पॉइंट आणि पाच फाऊल आहेत. ते छापायची गरज नाही.

आपला नियमित वाचक,
(पांढरी स्कूटरवाला)
धरमपेठ, नागपूर